खडकीच्या गोळीसाठी: म्युनिशन्स इंडियाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
म्युनिशन्स इंडिया लिमिटेड, पुणे



मी जिल्हा पातळीवर नेमबाजी शिकवतो. रेंजवरच्या गोळ्यांच्या कपाटाची किल्ली आणि त्याची नोंदवही माझ्याकडे असते. म्हणून हे पत्र पॉइंट टू टूच्या (.२२) गोळीबद्दल आहे. ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या दोन्ही ऑलिम्पिक प्रकारांत हीच गोळी लागते. गेल्या काही वर्षांत तिचा भाव चढतच गेला आणि पुरवठ्याचा भरवसा उरला नाही. आमची मुले स्पर्धेत वापरतात त्या गोळ्या सगळ्या बाहेरून येतात: बर्मिंगहॅमची एली, जर्मनीतल्या शोनेबेकला बनणारी लापुआ आणि एसके, नाहीतर आरडब्ल्यूएस. तिकडे उत्पादन अडले की इकडे आमचे कपाट रिकामे होते.

आपण दारूगोळ्याच्या धंद्यातले आहात, तेव्हा पॉइंट टू टूसारख्या रिमफायर गोळीची घडण आपल्याला सांगायची गरज नाही. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडे सांगतो. मोठ्या बोअरच्या काडतुसाच्या तळाशी मध्यभागी टोपी असते. गोळी उडाल्यावर पुंगळी उचलून ठेवली तर नवी टोपी, दारू आणि शिसे घालून ती पुन्हा भरता येते. पॉइंट टू टूला वेगळी टोपीच नसते. स्फोटक मिश्रणाचा ओला थेंब पातळ पितळी पुंगळीत टाकून पुंगळी वेगाने फिरवतात, मग ते मिश्रण तळाच्या कडेतल्या पोकळीत पसरते आणि तिथेच वाळते. फायरिंग पिन त्या कडेवर आदळते, कड चेपते, गोळी सुटते. चेपलेल्या कडेत नवे मिश्रण भरता येत नाही, म्हणून पुंगळी भंगारात जाते. ही गोळी फक्त विकतच घ्यावी लागते, आणि प्रत्येक वेळी नवीच.

थ्री पोझिशनचा, म्हणजे गुडघ्यावर बसून, आडवे पडून आणि उभ्याने नेम धरायच्या रायफल प्रकाराचा, एखादा होतकरू मुलगा दिवसाला १०० गोळ्या मारतो असे धरा. वर्षात २५० दिवस सराव धरला तर २५,००० गोळ्या होतात. गोळीमागे फक्त १० रुपये वाढले तरी त्या घरावर वर्षाला अडीच लाखांचा जादा बोजा पडतो. ही फक्त वाढ झाली, मूळ खर्च वेगळाच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेऊन आला. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याच्या शिक्षक वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढले होते, हे त्या आठवड्यात सगळ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचले आणि हळहळ व्यक्त केली. ज्यांना कर्ज मिळाले नाही, किंवा काढायचे धाडस झाले नाही, अशी घरे मी पाहतो. त्यांची बातमी होत नाही.

अशा घरांतल्या मुलांची गळती कुठे होते तेही सांगतो. आज गावोगावी एअर रायफलचे वर्ग आहेत. दहा मीटरची जागा, एक रायफल आणि पेलेटच्या डब्या एवढ्यावर भागते. मूल तिथे चमकते, राज्य पातळीवर जाते, मग पन्नास मीटरला उतरण्याची वेळ येते. तिथे पालक माझ्यासमोर बसून हिशेब मांडतात आणि बहुतेक वेळा “सर, एअरमध्येच राहू द्या” म्हणून उठतात. पॅरिसला भारताने नेमबाजीत तीन पदके जिंकली. त्यातली दोन दहा मीटर एअर पिस्तूलमधली होती, तिसरे स्वप्नीलचे. एअरच्या प्रकारांत आपल्याकडे गुणी मुलांची रांग लागते आणि थ्री पोझिशनला ती लगेच आखूड होते. याचे एक मोठे कारण माझ्या कपाटात आहे.

भाव हा अर्धाच त्रास आहे. मला जास्त छळते ती गोळ्यांची अनियमित आवक, आणि त्याचे कारण रेंजवर न आलेल्या माणसाला चटकन कळत नाही. प्रत्येक डबीवर लॉट क्रमांक छापलेला असतो. कंपनी तीच, छाप तोच, तरी एका लॉटची गोळी एका नळीतून पसरट ग्रुपमध्ये पडते आणि दुसऱ्या लॉटची त्याच नळीतून जवळपास एकाच भोकात बसते. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, गोळी स्वतः साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या जागेत श्वास, बोट, वारा आणि गोळी यांचा मेळ बसवायचा असतो. म्हणून एली आणि लापुआच्या चाचणी केंद्रांत नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात अडकवतात, एकेका लॉटच्या गोळ्या मारून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तो वर्षभराचा उचलतात. आमच्याकडे येईल तो लॉट येतो. कधी दोन खोकी, कधी काहीच नाही, आणि पुढची खेप आली तर लॉट निराळा.

माझ्याकडे एक मुलगी आहे. तिच्या रायफलीला एक लॉट नेमका मानवला. त्याच्या उरलेल्या डब्या तिने रबर लावून कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या आहेत, राज्य स्पर्धेसाठी. रोजचा सराव ती दुसऱ्याच गोळ्यांवर करते. गोळी दहाच्या बाहेर गेली की ती माझ्याकडे बघते. चूक तिच्या ट्रिगरची की गोळीची, हे तिलाही सांगता येत नाही आणि मलाही. शिकणाऱ्या मुलाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास असाच झिजतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफलच्या प्रोन, म्हणजे आडवे पडून मारायच्या, प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद घेतले. ६० गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. त्या साठातल्या चार-पाच गोळ्या दगा देणाऱ्या निघाल्या असत्या तर तिच्या साधनेचा काय उपयोग होता?

टंचाईची कारणे मला दिसतात तेवढी मांडतो. २०२० च्या महामारीत अमेरिकेत बंदुकांची खरेदी भडकली आणि तिथल्या बाजाराने गोळ्या गिळून टाकल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, तेव्हापासून युरोपातल्या दारूगोळा कारखान्यांपुढे लष्करी मागणीचा ढीग आहे आणि दारू, पितळ, सगळेच महागले. आपला रुपया घसरला. शिवाय ही काडतुसे धोकादायक मालाच्या वर्गात मोडतात, प्रत्येक विमान कंपनी ती घेत नाही, आणि आयात परवान्याचे कागद पूर्ण होईपर्यंत स्पर्धेचा हंगाम निघून जातो. यातल्या एकाही गोष्टीवर आमच्या जिल्हा संघटनेचा इलाज चालत नाही.

पण आपला चालतो. आपल्या कंपनीचा खडकीचा कारखाना १८६९ पासून उभा आहे, वरणगावचा १९६४ पासून. बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे बाळगणारा शेतकरी खडकीला ओळखतो. १५५ मिलिमीटरचे तोफगोळे आपण परदेशात पाठवता. एनसीसीत मी पहिल्यांदा आडवा पडून गोळी मारली तीसुद्धा सरकारी कारखान्याचीच होती, आणि त्या कामाला ती पुरेशी होती. दहाच्या वर्तुळात ग्रुप धरणारी गोळी हे काम वेगळे आहे, हे मी जाणतो. कडेतल्या मिश्रणाचे वजन, शिशाच्या गोळीचा आकार, पुंगळीच्या कडेची जाडी, सगळे हजारो नगांत सारखे राखावे लागते. एलीने ते एका वर्षात साधलेले नाही. म्हणून पहिल्याच वर्षी एलीच्या सर्वोत्तम टेनेक्स गोळीच्या तोडीची गोळी द्या असा हट्ट मी धरत नाही.

माझी मागणी सरावाच्या गोळीची आहे. खडकीत किंवा वरणगावात एक लहान लाइन वेगळी काढा, तिथे फक्त स्पर्धा-दर्जाची पॉइंट टू टू बनवा. प्रत्येक लॉटच्या चाचणीचे आकडे डबीसोबत द्या. पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर शिकंजा बसवा, म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलाला आपल्या नळीसाठी लॉट निवडायला जर्मनी गाठावी लागणार नाही. मानवलेला लॉट हप्त्याहप्त्याने उचलता येईल अशी सोय जिल्हा संघटनांमार्फत करा. मोठ्या स्पर्धेसाठी मूल दोन डब्या परदेशी घेईल, हरकत नाही. वर्षातल्या २५,००० पैकी २०,००० गोळ्या जरी खडकीच्या निघाल्या तरी किती घरे पन्नास मीटरला टिकतील, याचा अंदाज आपणच करावा.

गोळ्या सुलभ होणे धोक्याचे आहे, असे कोणी म्हणेल. ही काळजी मला मान्य आहे, आणि म्हणूनच सांगतो की परवान्यातली, साठ्यातली किंवा नोंदीतली एकही अट सैल करा असे मी म्हणत नाही. आजही आमच्या कपाटातून निघालेली प्रत्येक गोळी वहीत लिहिली जाते. ती उद्याही तशीच लिहिली जाईल.

हा छोटा बाजार आहे, नफा दिसत नाही, असे आपल्या विक्री विभागाचे मत असू शकते. देशातल्या नेमबाजांची मागणी सैन्याच्या मागणीपुढे नगण्य आहे, हे खरेच. पण आपली कंपनी सरकारची आहे आणि आपल्या दारापासून बालेवाडीची रेंज तासाभराच्या आत आहे. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये थ्री पोझिशन होणार आहे. तिथे जाऊ शकणारी मुले आज पंधरा-सोळा वर्षांची आहेत आणि त्यांचा निर्णय या वर्ष-दोन वर्षांतच होईल.

चाचणीचा पहिला लॉट तयार झाला की तो आमच्या रेंजवर पाठवावा. त्या गोळ्यांचे पैसे आम्ही भरू. वेगवेगळ्या नळ्यांतून दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारून, त्या दिवसाचे तापमान, रायफलीचा प्रकार आणि लॉट क्रमांक लिहून, लक्ष्याच्या कागदांसह सगळी नोंद आपल्या गुणवत्ता विभागाला परत पाठवू. गोळी फसली तर तेही त्यात स्पष्ट लिहिलेले असेल.

कळावे.

आपला,
एक जिल्हास्तरीय नेमबाजी प्रशिक्षक