पंचेचाळिशीची तपासणी आणि घरी विचारायचा एक प्रश्न

अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी पूर्वी पन्नाशीला सुरू व्हायची. मे २०२१ मध्ये 'यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स'ने हे वय ४५ वर आणलं. कारणही तसंच आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२४ च्या अहवालानुसार पन्नाशीच्या आतल्या पुरुषांमध्ये कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत हा आजार पहिला आहे, स्त्रियांमध्ये दुसरा. 'ब्लॅक पँथर'चा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेला तेव्हा फक्त ४३ वर्षांचा होता.

आता तपासणी कोणती करायची? पर्याय बरेच आहेत. 'फिट' म्हणजे शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी. घरी नमुना घ्यायचा, दरवर्षी करायची. 'कोलोगार्ड' त्यात डीएनएही तपासते; ती एक ते तीन वर्षांनी. कोलोनोस्कोपीत काही दोष निघाला नाही तर पुढची दहा वर्षांनी. जुलै २०२४ मध्ये 'शील्ड' या रक्तचाचणीलाही एफडीएची मंजुरी मिळाली.

रक्त दिलं की झालं, हे आपल्याला आवडणारच! पण आकडे बघा. अभ्यासात शील्डने १०० पैकी ८३ कॅन्सर पकडले, मात्र कॅन्सर होण्याआधीच्या धोकादायक गाठी १०० पैकी जेमतेम १३. कोलोगार्डच्या २०१४ च्या अभ्यासात हेच आकडे ९२ आणि ४२ होते. फिटचे ७४ आणि २४. कोलोनोस्कोपीत गाठ दिसली की बहुतेकदा तिथेच काढून टाकतात, म्हणजे बग प्रॉडक्शनला जाण्याआधीच बंद. आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध आणि घरी न्यायला कुणीतरी माणूस, एवढा त्रास सोसावा लागतो. आणि बाकी कुठलीही चाचणी पॉझिटिव्ह आली तरी शेवटी कोलोनोस्कोपीच करावी लागते.

पण हे सगळे पर्याय घरात कुणाला हा आजार नसलेल्यांसाठी. मी ३७ वर्षांचा, म्हटलं अजून आठ वर्षं आहेत. गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या फॉर्मवर 'कौटुंबिक इतिहास' हा रकाना आला आणि मी आईला फोन लावला. "बाबांचं ते आतड्याचं ऑपरेशन नेमकं कशाचं होतं गं?" ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "कॅन्सरचं. तुझी परीक्षा होती, म्हणून नाही सांगितलं."

तेव्हा बाबा ४८ वर्षांचे होते. आज ते ठणठणीत आहेत. पण आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर नियम बदलतो: चाळिशीला किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, आणि पुढे दर पाच वर्षांनी. म्हणजे माझी ३८ व्या वर्षी. पंचेचाळिशीपासूनची नेहमीची तपासणी इन्शुरन्सच्या बहुतेक प्लॅनमध्ये मोफत असते, त्याआधीची असेलच असं नाही. तेवढं आधी विचारून घेतलेलं बरं.

आपल्या घरांतून 'पोटाचं दुखणं', 'मूळव्याध' अशा नावांखाली बरंच काही झाकलेलं असतं. लांब राहणाऱ्या मुलांना काळजी नको, ही त्यामागची माया कळते. पण आई-बाबांनो, हे लपवू नका. आणि मित्रांनो, या रविवारी घरी फोन कराल तेव्हा जेवणखाण विचारून झालं की हेही विचारा.