चौकीची पायरी



पोलिसांकडे जावं की न जावं, हा वाद आपल्या शिबिरांत अधूनमधून पेटतो आणि चहाच्या सुट्टीत विझतो. पारधी वस्तीवर काम करताना मात्र तो असा सोडून देता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या बहुतेक गटांची भूमिका सरळ आहे. बाईने तक्रार केली की ती लिहून घ्यायला लावायची, टाळाटाळ झाली तर ठाण्यात ठिय्या द्यायचा. १९८३ साली ४९८ अ कलम आलं ते स्त्रियांच्या अशाच रेट्यातून. मीही ठाण्याच्या बाकावर रात्री काढल्या आहेत आणि पुढेही काढीन. पण नवऱ्याच्या माराने हात मोडला तरी पारधी बाई ती पायरी चढायला तयार नसते. "ताई, त्याला एकदा आत घेतला की तीन गावच्या चोऱ्या त्याच्या नावावर टाकतील. वकिलाला पैसा कुठून आणू? पोरं काय खातील?" हा हिशेब मी अनेक जणींकडून ऐकला आहे, आणि तो खोडून काढण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

या हिशेबामागे दीडशे वर्षांचा अनुभव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांकडे हजेरी, परवानगीवाचून गाव सोडायचं नाही, सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, या जमाती 'विमुक्त' झाल्या. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीचं नाव कागदावरून गेलं, नजर गेली नाही. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणारे नियम होते, ते चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावं लागलं. बहात्तर वर्षांनी!

गावातल्या बायाही आपल्याच आहेत. मळ्यात एकटी राहणारी शेतकरीण म्हणते, "तुमच्या गळ्यातलं रात्री कुणी ओढलं असतं म्हणजे कळलं असतं." तिची भीती खरी आहे, तिला जातीयवादी म्हणून गप्प करणं मला पटत नाही. मी तिला एवढंच विचारते, की दुसऱ्या दिवशी वस्तीवरून चार पोरं उचलली तेव्हा तुझं मंगळसूत्र परत आलं का? बहुतेक वेळा नाही. गुन्हा उघडकीस आल्याची नोंद झाली, तपास थांबला, आणि खरा चोर मोकळाच राहिला. संशयावर चालणारी पोलिसगिरी तिच्याही उपयोगाची नाही. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. जामिनाला पैसा नसलेला माणूस त्यात सर्वात जास्त अडकतो.

आपल्यातल्या काही जणी याच्या दुसऱ्या टोकाला जातात. पोलीस नकोतच, समाज आपलं बघून घेईल, असं त्यांचं म्हणणं. कोणता समाज? जातपंचायतीत बाईच्या चारित्र्याचा निवाडा पुरुष करतात, दंडही तेच ठरवतात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आपल्या राज्यात उगीच करावा लागला नाही. फौजदारापासून सुटका म्हणून पंचांच्या हाती देणं ही कसली सुटका?

आठवण द्यायची तर मथुरा प्रकरणाची देते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. त्यावर लतिका सरकार, वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि त्यातून देशभर मोर्चे निघाले. आपली चळवळ पोलिसांना जाब विचारत वाढली. मग २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्काराच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा बाया पोलिसांवर फुलं उधळताना दिसल्या, आणि आपल्यातल्याही काही जणींना ते बरं वाटलं. न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ साली पोलिसांची चकमकीची कहाणी खोटी ठरवली. ज्यांना गोळ्या घातल्या ते ट्रकवर काम करणारे गरीब तरुण होते. मंत्र्याचा मुलगा असता तर?

म्हणून माझं म्हणणं असं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आपण पुरता वापरलेलाच नाही. त्यात संरक्षणाचा, घरात राहण्याचा, पोटगीचा आदेश नवऱ्याला अटक न करता मिळतो. पारधी बाईला नेमकं हेच हवं असतं: मार थांबावा, माणूस तुरुंगात सडू नये. पण त्यासाठी संरक्षण अधिकारी तालुक्याच्या कचेरीतून उठून वस्तीवर यायला हवा. त्याच्याकडे गाडी नाही, माणूस नाही, आणि आपण त्यासाठी एकही मोर्चा काढलेला नाही.

आपल्या निवेदनांत 'कडक कारवाई करा' हे वाक्य ठरलेलं असतं. यापुढे त्याखाली सही करण्याआधी मी विचारणार आहे: कुणावर, कोणत्या पुराव्यावर? आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी, हा कायदा वस्तीवरही पाळला जाणार की फक्त गावात?