सही करण्याआधी पहिला पगार विचारा

बारावीचा निकाल लागला की एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि मोबाइलवर नर्सिंगच्या जाहिराती दिसू लागतात. ‘शंभर टक्के नोकरी’, ‘परदेशात संधी’, ‘बँक कर्जाची सोय’. यातली कर्जाची सोय तेवढी हमखास होते. म्हणून ज्या घरातली मुलगी यंदा एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंग कोर्सला जायचं म्हणते आहे (हल्ली मुलगेही म्हणतात), त्या घरासाठी चार गोष्टी.

नर्सिंगला जाऊ नका, असं मुळीच म्हणणं नाही. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. बारावी कला शाखेतून झालेल्या मुलीलाही इथे प्रवेश मिळतो, आणि काम असं की गावोगाव लागतं. म्हणणं एवढंच, की फी विचारायच्या आधी पगार विचारा. तोही सरकारी नव्हे, खाजगी दवाखान्यातला पहिला पगार.

प्रवेश देणारे नेहमी सरकारी पगार सांगतात. तो आकडा खोटा नसतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्य सरकारच्या रुग्णालयात अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं, जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेचं २५,५०० पासून, भत्ते वेगळे. पण भरती कधी निघेल, परीक्षा कधी होईल, आपला नंबर लागेल का, हे कुणाच्याच हातात नसतं. बँकेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला येतो. मधली वर्षं मुलगी तालुक्याच्या गावी पंधरा-वीस खाटांच्या हॉस्पिटलात रात्रपाळी करत असते आणि महिन्याला दहा-बारा हजारांवर सही करते. हिशोब धरायचा तो या दहा-बारा हजारांचा.

इतका कमी पगार चुकीचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेलं आहे. न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयाने परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यानेही दरमहा किमान २०,००० द्यावेत. पण ही शिफारस आहे, कायदा नाही. ती अमलात आणायचं काम राज्यांवर सोपवलेलं. तिच्या भरवशावर कर्ज काढू नका. मुलाखतीत मात्र ती माहीत असल्याचं जरूर बोलून दाखवा.

आता कर्ज. समजा, जीएनएमसाठी दरवर्षी एक लाख असे तीन लाख घेतले, व्याज साडेदहा टक्के. शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. लोकांना वाटतं, तोवर कर्ज झोपलेलं आहे. ते झोपत नाही. पहिल्या लाखावर चार वर्षं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन वर्षं साधं व्याज धरलं तरी ९४,५०० रुपये होतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी देणं जवळपास ३,९५,००० असतं. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ६,६५० रुपये. दहा वर्षांत फेडायचं तर सुमारे ५,३००, पण मग एकूण भरणा ८० हजारांनी वाढतो. बारा हजारांतून साडेसहा हजार बँकेला गेले, की खोलीभाडं, डबा आणि सुट्टीत गावी यायचं भाडं कशातून द्यायचं?

शिकत असताना आणि पुढच्या बिनहप्त्याच्या वर्षातही घरच्यांनी व्याज भरत राहिलं (पहिल्या वर्षी महिन्याला ८७५ रुपये, तिसऱ्या वर्षापासून २,६२५) तर सात वर्षांचा हप्ता ५,०५० च्या आसपास येतो. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात सूट देतात, मुलींनाही थोडी देतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

माझ्या मते हप्ता पहिल्या पगाराच्या चौथाईपेक्षा जास्त नसावा. बारा हजारांवर तो तीन हजार होतो, आणि वरच्याच हिशोबाने तेवढ्यात कर्ज बसतं एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास. कॉलेजची फी त्याहून बरीच जास्त असेल, तर कॉलेज बदला. जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या सरकारी नर्सिंग स्कूलमध्ये फी खाजगीच्या मानाने अगदी किरकोळ असते. एक वर्ष थांबून तिथे पुन्हा अर्ज करणं हे तीन लाखांच्या कर्जापेक्षा शहाणपणाचं. नातेवाईक ‘वर्ष वाया गेलं’ म्हणतील. म्हणू द्या, हप्ता ते भरणार नाहीत. खाजगीतच जायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या आधी बघा, आणि मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर त्यातली कुठली हातची जाते, ते लेखी विचारा.

फीच्या आकड्यातही गाळलेल्या जागा असतात. होस्टेल, मेस, गणवेश, परीक्षा फी, प्रॅक्टिकलसाठी दुसऱ्या गावच्या रुग्णालयात जायचं भाडं हे सगळं मिळून किती, याचा कागद मागा. कॉलेजला स्वतःचं रुग्णालय आहे का, ते बघायला दुपारी न सांगता जा. खाटा मोजू नका, खाटांवरचे रुग्ण मोजा. रिकाम्या वॉर्डात मुलगी काय शिकणार? मूळ मार्कशीट आणि दाखला कॉलेजकडे अडकवून ठेवू नका. मध्येच सोडायची वेळ आली तर तेवढ्यावर कोंडी होते.

सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं ‘नर्सिंग सर्टिफिकेट’ विकणारेही पुष्कळ आहेत. त्यातून रुग्णसेवेतली मदतनीसाची नोकरी मिळू शकते, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून सरकारी भरतीचा अर्जच करता येत नाही. अशा कोर्ससाठी कर्ज तर नकोच. २०२४ साली राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून काही एजंट प्रत्येक कोर्सला जर्मनी चिकटवतात. तिकडे जाण्याआधी भाषा शिकण्यात महिनोन्‌महिने जातात आणि पदविकेची तिकडे मान्यता घ्यावी लागते, हे ते शेवटी सांगतात.

ज्यांनी कर्ज आधीच घेतलं आहे, त्यांनी हप्ता चुकायच्या आधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागावी. साडेसात लाखांपर्यंत बँक सहसा तारण घेत नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार असतात. ९० दिवस थकलं की खातं बुडीत धरतात आणि नोंद मुलीच्या आणि सहकर्जदाराच्या, दोघांच्याही नावावर होते; मग वडिलांना स्वतःचं कर्ज काढताना तीच नोंद आडवी येते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.