आगोटीआधीची लाकडं

कोकणात पाऊस सुरू होण्याच्या दिवसांना 'आगोट' म्हणतात. साधारण जूनचा पहिला-दुसरा आठवडा. आगोटीआधी घरात काय काय भरून ठेवायचं याची यादी बायकांना तोंडपाठ असते : तांदूळ, कुळीथ, मीठ-मिरची, सुकी मासळी, गुरांना गवत, शेणी... आणि लाकडं. या यादीत सगळ्यात कमी कौतुक लाकडांच्या वाट्याला येतं. पापडांवर, आंब्याच्या साठांवर लेख येतात. सरपणावर कोण लिहिणार? म्हटलं, आज आपणच लिहू. :-)

आधी थोडं विज्ञान. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. नीट पेटायचं तर ते वीस टक्क्यांच्या आसपास किंवा खाली यावं लागतं. एक किलो पाण्याची नुसती वाफ करायला सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे ओलं लाकूड चुलीत घातलं की भाताआधी लाकूडच शिजतं! आच कमी पडली की जळणं अर्धवट, आणि जळणं अर्धवट म्हणजे धूर. तो जातो फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत.

आता वाळण्याचं गणित. लाकडातलं पाणी कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून बाहेर पडतं, साल ते अडवून धरते. म्हणून नुसते ओंडके करून ठेवले तर आतून ते कितीतरी दिवस ओलेच राहतात. ते फोडायचे, खाली दोन आडवी लाकडं टाकून जमिनीपासून उचलून रचायचे, मधून वारा खेळेल एवढी फट ठेवायची. मग मार्च ते मे हे तीन महिने ऊन आपलं काम करतं. झालं का हे बघायला यंत्र नको. दोन लाकडं एकमेकांवर आपटायची. वाळलेली खणखणीत वाजतात, ओली बद्द. पहिला वळीव यायच्या आत सगळं पडवीत किंवा खोपीत.

या कामातली खरी गोम इथेच आहे. काही कामं माणसं वाढवली की लवकर होतात. तोडणं, फोडणं, वाहणं ही त्यातली. वाळणं त्यातलं नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात दहा गडी लावून लाकडाचा डोंगर फोडून होईल, पण ऊन मजुरीने मिळत नाही. आणि डेडलाइन पुढे ढकलायला पाऊस काही आपला क्लायंट नाही!

'आता घरोघरी सिलिंडर आले, कशाला हे पुराण?' असं कुणी म्हणेल. सिलिंडर आला हे उत्तमच झालं. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस खूप घरांत पोचला, आणि चुलीपुढे बसून खोकणाऱ्या बाईच्या नावाने मला गळे काढायचे नाहीत. पण गॅस आलेल्या कित्येक घरांतही आंघोळीचं पाणी अजून लाकडावरच तापतं. आणि एक गोष्ट तर सिलिंडरवर होतच नाही. आषाढात, धो धो पावसात गावात कुणी गेलं तर सरणाला तीन-चारशे किलो सुकं लाकूड लागतं, तेही काही तासांत. म्हणून कुठे स्मशानातल्या शेडमध्ये, कुठे कुणाच्या खोपीत ती लाकडं उन्हाळ्यातच वेगळी काढून ठेवतात. कुणासाठी, ते रचणाऱ्याला माहीत नसतं. कदाचित स्वतःसाठीच.

थंडीच्या देशांत हेच काम हिवाळ्यासाठी होतं. नॉर्वेत लाकूड हिवाळा सरता सरता तोडतात, उन्हाळाभर वाळवतात आणि पुढच्या थंडीत जाळतात. तिथल्या लार्श मिटिंग या लेखकाचं लाकूड फोडणे-रचणे-वाळवणे एवढ्याच विषयावरचं पुस्तक २०११ साली आलं आणि धडाक्यात खपलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीने याच विषयावर सलग बारा तासांचा कार्यक्रम दाखवला, त्यातले आठ तास निव्वळ पेटती शेकोटी. प्रेक्षकांची तक्रार काय, तर रचताना साल वर ठेवली. बाकीच्यांची तक्रार, साल खाली ठेवली! :-) तिथे हा राष्ट्रीय अभिमान. आपल्याकडे तेच ज्ञान डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईकडे असतं, तेव्हा ते मागासलेपण ठरतं.

मला वाटतं, याचं कारण गरिबी-श्रीमंतीपेक्षा खोल आहे. वेळेआधी नीट केलेलं काम दिसतच नाही. जुलैत पहिल्या काडीला चूल पेटली तर कुणी 'वा!' म्हणत नाही. पेटली नाही तरच बोंब होते. आमच्या धंद्यात रात्री दोनला उठून सर्व्हर वाचवणारा हीरो ठरतो. सहा महिने गुपचूप बॅकअप तपासत बसल्यामुळे ज्याच्यावर ती रात्र आलीच नाही, त्याच्या अप्रेझलमध्ये लिहायला काही सापडत नाही. आग विझवणाऱ्याला पदक मिळतं. लाकूड वाळवणाऱ्याला काय मिळतं?

असो. मे महिन्यात गावी गेलात तर आंबे खाता खाता जरा पडवीकडेही बघा. ही लाकडं कुणी फोडली, कुणी वाहिली, कुणी रचली ते विचारा. आणि आभाळ भरून आलं असेल तर विचारत बसू नका, सरळ उचलून आत ठेवायला लागा.