घोडा घेतला, पण पागेचे काय?

महाराणा प्रतापाच्या इमानी घोड्याचे नाव आकुर्डीच्या कारखान्याने १९७२ मध्ये आपल्या स्कूटरला दिले आणि पुण्या-मुंबईचा सारा मध्यमवर्ग त्या घोड्याच्या मागे लागला. नंबर लावावा, पैसे भरावेत आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा तो काळ होता. पुढे तो घोडा थकला आणि बाजारातून दिसेनासा झाला. २०२० च्या जानेवारीत तोच ‘चेतक’ पुण्यात पुन्हा अवतरला, पण पेट्रोलची टाकी टाकून आणि पोटात बॅटरी घेऊन! आज त्याच्या जोडीला निरनिराळ्या कंपन्यांचे विजेवर धावणारे घोडे दुकानादुकानांतून खिंकाळत उभे आहेत. नंबर लावण्याची गरज नाही. सायंकाळी दुकानात जावे, हप्ता ठरवावा आणि चार दिवसांत हार घालून गाडी घरी आणावी. परंतु काळाची गंमत अशी की, त्या वेळी घोडा दुर्मिळ होता आणि पागेची चिंता कोणाला नव्हती. आज घोडा मुबलक आहे, पण त्याला बांधून वैरण घालण्यासाठी सहा फूट जागा आणि एक साधे सॉकेट मिळवताना सुशिक्षित पुणेकराच्या तोंडाला फेस येत आहे!

‘कचेरीत जाण्यायेण्यासाठी विजेची कोणती गाडी घ्यावी?’ हा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. आमच्या मते हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. त्याच्या आधी तीन प्रश्न आहेत. रोज जायचे किती? गाडी बिघडली तर दुरुस्त कोण करणार? आणि रात्री ती चार्ज कोठे होणार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याला गाडी निवडणे सोपे आहे. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्याने सर्वांत महागडी गाडी घेतली तरी पश्चात्तापच पदरी पडणार!

पहिला प्रश्न अंतराचा. कोथरूडहून हिंजवडीला किंवा सिंहगड रस्त्यावरून खराडीला जाणाऱ्या नोकरदाराचे जाऊन-येऊन रोजचे ४० किलोमीटर सहज होतात. वर्षाचे २५० दिवस कामाचे धरले तर ही रपेट १०,००० किलोमीटरची झाली. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते असे मानले तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. पेट्रोलने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. म्हणजे वर्षाला २२ हजार रुपये तर धुरातच गेले. तेवढ्याच अंतराला विजेची स्कूटर सुमारे ३५० युनिट वीज खाते. युनिटला १२ रुपये धरले तरी हा खर्च ४,२०० रुपयांवर जात नाही. वर्षाकाठी १८ हजारांच्या घरात जाणारी ही बचत नोकरदार माणसाला क्षुल्लक नाही. पण हाच हिशेब जवळच्या कचेरीत जाणाऱ्या गृहस्थाने करून पाहावा. त्याचे रोजचे ८ किलोमीटर म्हणजे वर्षाचे २,००० झाले. त्याची बचत साडेतीन-पावणेचार हजारांपलीकडे जाणार नाही. एवढ्यासाठी चालू स्थितीतली गाडी विकून लाख-सव्वालाखाचे कर्ज डोक्यावर घेणे हा शहाणपणा नव्हे. त्याने एखादी विजेची सायकल घ्यावी, बसने जावे, नाही तर दोन पायांचा उपयोग करावा. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या मेट्रोच्या मार्गांवर ज्यांचे घर आणि कचेरी दोन्ही आहेत, त्यांनी तर वाहन घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. स्टेशनपर्यंत पोचवणारे छोटे वाहन त्यांना पुरेसे आहे.

अंतराचा विचार करताना जाहिरातीतल्या पल्ल्यावर विसंबू नये. कारखान्याच्या चाचणीत गाडी जेवढी धावते तेवढी ती चांदणी चौकाच्या चढावर, मागे माणूस बसलेला असताना आणि दर शंभर पावलांना ब्रेक मारावा लागत असताना धावत नाही. बॅटरीही वर्षागणिक म्हातारी होत जाते. म्हणून रोजची रपेट ४० किलोमीटरची असेल तर प्रत्यक्ष रस्त्यावर किमान ८० किलोमीटर जाईल अशीच गाडी घ्यावी. पाचव्या वर्षीसुद्धा ती वाटेत अंग टाकणार नाही. याच्या उलट, जास्तीत जास्त ताशी २५ किलोमीटर वेगाच्या आणि २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या ज्या गाड्या परवान्याशिवाय आणि नोंदणीशिवाय चालवता येतात, त्यांचा मोह लांबच्या नोकरदाराने धरू नये. गल्लीबोळांत त्या गरीब गायी आहेत. महामार्गावर ट्रकांच्या कळपात त्या चिरडल्या जातील. आणि विक्रेता जर कानात सांगू लागला की, ‘साहेब, हिचा वेग आम्ही वाढवून देतो’, तर त्या दुकानाची पायरी तत्काळ उतरावी. वेग वाढवलेल्या त्या गाडीला ना नोंदणी, ना विमा, ना कायद्याचे संरक्षण!

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. पेट्रोलची स्कूटर बंद पडली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री प्लग पुसून, चार शिव्या घालून ती चालू करत असे. विजेच्या गाडीत इंजिन नाही, तेल नाही; म्हणून ती बिघडते कमी. पण बिघडली म्हणजे तो मिस्त्री हात जोडतो आणि गाडी कंपनीच्या दारात जाऊन पडते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये या धंद्यातल्या एका मोठ्या कंपनीविरुद्ध ग्राहकांच्या दहा हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला तिच्यावर नोटीस बजावावी लागली. तेव्हा दुकानाच्या दर्शनी भागातल्या रोषणाईवर न भाळता मागच्या बाजूच्या दुरुस्तीच्या आवारात जाऊन उभे राहावे. तेथे किती गाड्या किती दिवसांपासून धूळ खात आहेत, हे मोजावे. बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची, तिची क्षमता कितीपर्यंत उतरली तर कंपनी ती बदलून देणार, हे तोंडी न ऐकता कागदावर घ्यावे. कारण या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा म्हणजे ही बॅटरीच होय. चार्जर किमतीत धरला आहे की नाही, तेही पाहावे. काही नामांकित कंपन्यांनी चार्जरचे वेगळे पैसे उकळले आणि २०२३ मध्ये ते ग्राहकांना परत करण्याची पाळी त्यांच्यावर आली, हा इतिहास ताजा आहे.

सरकारी अनुदानाच्या आशेवर हिशेब मांडणाऱ्यांनाही आमचे एक सांगणे आहे. २०२१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने दुचाकीच्या बॅटरीवरील अनुदान दर किलोवॉट-तासाला १५ हजार रुपयांपर्यंत चढवले; २०२३ च्या जूनमध्ये ते १० हजारांवर आणले; २०२४ मध्ये ते ५ हजारांवर उतरले आणि पुढे अडीच हजारांवर. सरकारचे औदार्य असे श्रावणातल्या सरीसारखे असते. त्याच्या भरवशावर पेरणी करू नये. जी गाडी अनुदानाशिवायही परवडते तीच खरी परवडते.

आणि आता तिसरा प्रश्न! वरचे दोन प्रश्न ग्राहकाच्या शहाणपणाचे आहेत. हा तिसरा मात्र शेजाऱ्यांच्या शहाणपणाचा आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत अवघड आहे. पुण्याचा मध्यमवर्ग आता वाड्यात राहत नाही, बंगल्यात तर त्याहून नाही. तो सहकारी गृहसंस्थेत राहतो. त्याचा मीटर एकीकडे, सदनिका चौथ्या मजल्यावर आणि गाडी तळमजल्यावर. तळमजल्यावर सॉकेट बसवायचे तर संस्थेचे ‘ना हरकत’ पत्र पाहिजे. मग तो अर्ज करतो. अर्ज कार्यकारिणीपुढे जातो. कार्यकारिणी तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवते. सभेत एक सभासद विचारतो, ‘उद्या सगळ्यांनीच मागितले तर?’ दुसरा म्हणतो, ‘आग लागली तर जबाबदार कोण?’ तिसरा काहीच म्हणत नाही. त्याला केवळ सूचक व्हायचे असते. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब होतो आणि सगळे चहा घेऊन घरी जातात. अर्जदार बिचारा दहा-अकरा किलोंची बॅटरी उपसून जिन्याने वर नेता येईल अशी गाडी शोधू लागतो, नाही तर निमूटपणे पुन्हा पेट्रोलच्या पंपावर जाऊन उभा राहतो!

या भीतीत तथ्य किती ते पाहू. स्कूटरचा साधा घरगुती चार्जर साधारण ७५० वॉटचा असतो आणि चार-पाच तासांत रिकामी बॅटरी भरतो. त्याच इमारतीतल्या घराघरांत दोन-दोन हजार वॉटचे गिझर रोज सकाळी एकाच वेळी धडधडत असतात. त्यांच्यासाठी कोणी कधी ठराव मांडला आहे काय? वर सांगितलेल्या लांबच्या नोकरदाराची गाडी महिन्याला ३० युनिट वीज घेते. म्हणजे दोन किलोवॉटचा गिझर रोज अर्धा तास चालवावा, एवढीच! ज्या इमारतीच्या तारा गिझरांनी वितळल्या नाहीत त्या एका स्कूटरने वितळतील, हे तर्कशास्त्र पदवीधरांच्या सभेला शोभत नाही.

आगीची शंका मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यातच रस्त्याकडेला उभी असलेली विजेची एक स्कूटर पेटल्याचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आले. म्हणून या नियमांनंतर बनलेलीच गाडी घ्यावी, मूळ चार्जरच वापरावा, रपेट करून आलेली तापलेली बॅटरी थोडी निवू द्यावी. पण आगीला भिऊन सॉकेट नाकारण्याने आग टळत नाही. ती उलट जवळ येते. कारण ज्याला रीतसर सॉकेट मिळत नाही तो गॅलरीतून लांबच लांब वायर खाली सोडतो, किंवा बॅटरी दिवाणखान्यात आणून पडद्याशेजारी चार्जिंगला लावतो. धोका आहे तो या चोरवाटेत. योग्य जाडीची तार, नीट आर्थिंग, गळती होताच वीज तोडणारा स्विच आणि स्वतंत्र मीटर, एवढी व्यवस्था परवानाधारक वायरमनकडून करून घेतली, तर शेजाऱ्याची झोपही शाबूत राहील आणि विजेच्या बिलाचे भांडणही उरणार नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच घरी आणि कचेरीत खाजगी चार्जिंगला मुभा दिली. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत २०२४ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने वाहनाच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणाने नव्या निवासी इमारतींतील किमान २० टक्के वाहनतळ चार्जिंगसाठी सज्ज असावा असे म्हटले. पण कागदावरचा हक्क आणि तळमजल्यावरचे सॉकेट यांच्यामध्ये गृहसंस्थेचा सचिव उभा असतो. त्याच्याशी कोर्टात भांडायला नोकरदाराला वेळ कोठला? आणि भाडेकरूला तर सभेत बसण्याचासुद्धा अधिकार नाही!

कोणी म्हणेल, ही वीज तरी कोठून येते? चंद्रपूर आणि कोराडी येथे दगडी कोळसा जाळूनच ना? आक्षेप खरा आहे. कर्वे रस्त्यावरचा काही धूर आपण विदर्भातल्या बांधवांच्या अंगणात ढकलतो, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. परंतु पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली बहुतेक शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तर विजेची मोटर मिळालेल्या शक्तीपैकी बहुतेक चाकापर्यंत पोचवते, हेही तितकेच खरे आहे. शिवाय गच्चीवर सौर पत्रे बसवले की या घोड्याची वैरण स्वच्छ होऊ शकते. पेट्रोलच्या घोड्याची ती कधीच होणार नाही.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. गाडी घेणाऱ्याने आधी अंतर मोजावे, मग दुरुस्तीची जागा पाहावी आणि सॉकेट हाती आल्याशिवाय बयाणा देऊ नये. हिंजवडी, मगरपट्टा, खराडी येथील कंपन्यांनी आपल्या वाहनतळांत साधी सॉकेटे द्यावीत. दिवसभर उन्हात उभी राहणारी गाडी दिवसाच भरून निघाली तर कर्मचाऱ्याचा निम्मा प्रश्न सुटेल. राज्य शासनाने गृहसंस्थांच्या उपविधींत अशी तरतूद करावी की, सुरक्षिततेच्या अटी पाळून आलेल्या अर्जावर तीस दिवसांत लेखी व सकारण उत्तर मिळाले नाही, तर संमती मिळाली असे समजले जाईल. आणि हा नियम भाडेकरूलाही लागू असावा.

राहता राहिली गृहसंस्था. सहकार हा शब्द आपण इमारतीच्या पाटीवर मोठ्या अभिमानाने रंगवला आहे. पाण्याचा पंप सर्वांचा, जिन्यातला दिवा सर्वांचा, गणपतीची वर्गणीही सर्वांची. मग शेजारी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या मीटरवर, स्वतःच्या जागेत एक सॉकेट मागतो, तेव्हा तेवढाच सहकार नेमका कोठे आटतो? पेट्रोलच्या धुराने खोकणारी मुले त्या संस्थेतल्या सर्वांचीच आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत असा अर्ज आला तर सभासदांनी तो तहकूब करू नये. शंका विचाराव्यात, अटी घालाव्यात, वायरमन बोलवावा आणि त्याच सभेत होकार द्यावा. घोडा दारात येऊन उभा आहे. पागेचे दार उघडणे आपल्या हाती आहे!