फुप्फुसातील कृमिकोष : येथे अपकर्षण म्हणजे शस्त्रकर्मच

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमिचिकित्सेची त्रिसूत्री सांगितली आहे : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. व्यवहारात मात्र कृमी म्हटले की आपण लगेच विडंग व पलाशबीजाकडे वळतो. आतड्यातील कृमींपुरते ते योग्यच. परंतु फुप्फुसातील हायडॅटिड कोषात तोच क्रम धरून बसणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकायनोकॉकस हा फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून मेंढ्या-शेळ्यांच्या किंवा माणसाच्या पोटात गेली, की अळी रक्तावाटे यकृतात वा फुप्फुसात पोहोचते आणि तेथे द्रवाने भरलेला कोष वाढू लागतो. सिन्नर, येवला, नांदगाव भागात मेंढरांचा वाडा आणि राखणीचा कुत्रा नेहमीचेच. म्हणून हा व्याधी आपण ओळखावयास हवा.

रुग्ण येतो तो जुनाट कास, छातीतील वेदना किंवा रक्तमिश्रित कफ घेऊन. राजयक्ष्म्याच्या संशयात महिने निघून जातात. क्ष-किरण चित्रातील रेखीव कडांची गोल छाया, किंवा खोकल्यावाटे पडणारे खारट पाणी व द्राक्षाच्या सालीसारखे पांढरे पापुद्रे दिसताच रुग्णास छातीच्या शल्यविशारदाकडे पाठवावे. सुईने द्रव काढून पाहू नये. तो आत सांडल्यास तीव्र ॲलर्जीने प्राण जाऊ शकतो आणि नवे कोषही रुजतात. मोठ्या फुप्फुसकोषात शस्त्रक्रियेपूर्वी अल्बेंडॅझोल दिल्यास कोष फुटण्याचा धोका असतो. ते केव्हा द्यावयाचे, हे शल्यविशारदासच ठरवू द्यावे.

शल्यविशारद भोवतालचा भाग तीव्र लवणजलाने भिजविलेल्या कापडाने झाकून कोषाचे आवरण काढतो, उघड्या श्वासनलिका शिवतो आणि शक्य तेवढे फुप्फुस राखतो. हे अपकर्षणच नव्हे काय? रुग्ण वेळेवर पाठविण्यात शास्त्राचा पराभव नाही. शस्त्रक्रियेनंतरचे बल्य व रसायन उपचार शल्यविशारदास कळवून आपण अवश्य करावेत.

निदानपरिवर्जन तर सर्वस्वी आपल्या हाती आहे. आइसलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा रोग फार पसरला होता. 1864 मध्ये लोकशिक्षणाची पुस्तिका व 1869 मध्ये कुत्र्यांविषयीचा कायदा आला आणि पुढे तो तेथून जवळजवळ नाहीसा झाला. कापलेल्या जनावराचे कच्चे अवयव कुत्र्यास घालू नयेत, कुत्र्यास नियमित जंतनाशक द्यावे, भाजीपाला व हात धुवावेत, एवढे तरी प्रत्येक वैद्याने आपल्या गावात सांगावे.