कैद्याचा सदरा

दारात बोहारीण येऊन बसली की घरात काय होते ते सांगायला नको. पेटीच्या तळाचे जुने लुगडे, विरलेले धोतर, मुलांचे आखूड झालेले सदरे बाहेर येतात आणि बरीच घासाघीस होऊन एखादे पातेले घरात येते. आमच्या घरी अशाच एका पातेल्यावर चुलत आजोबांचा पलटणीतला कोट गेला. आता ते पातेलेही उरलेले नाही.

हे आठवायचे कारण असे, की परदेशात लढाईच्या काळातले कपडे जमवणारे हौशी लोक आहेत. त्यांतले काहीजण युद्धकैद्यांनी वापरलेले कपडे मुद्दाम शोधतात आणि अस्सल मिळाला तर चांगला पैसा मोजतात. सेनापतीचा बिल्ल्यांचा कोट कुणी घेतला तर समजू शकते. पण कैद्याचा मळका सदरा? कारण साधे आहे. सेनापतीचा कोट घरचे लोक जपून ठेवतात. कैद्याचा कपडा कोण जपणार? सुटका झाली की तो अंगावेगळा करायचीच घाई.

दुसऱ्या महायुद्धात कॅनडात तीस हजारांहून अधिक जर्मन कैदी होते. त्यांना निळ्या जाड कापडाचे सदरे देत आणि पाठीवर मोठा लाल गोल असे. हा गोल वरून शिवलेला नसे. पाठीचे कापडच गोल कापून काढायचे आणि त्या भोकात लाल कापड बसवायचे. पळून जायच्या बेताने कैद्याने लाल कापड उसवलेच, तर पाठीला ताटाएवढे भोक! विजारीवरही लाल पट्टा असे. ज्या कुणाला ही युक्ती सुचली, त्याला शिवणकाम चांगले कळत असले पाहिजे.

अमेरिकेत जर्मन कैदी पावणेचार लाखांच्या आसपास होते आणि इटालियन सुमारे पन्नास हजार. तिकडची तरणी मुले लढाईवर गेलेली, शेतात माणूस मिळेना. तेव्हा हे कैदी कापूस वेचायला, भुईमूग काढायला शेतकऱ्यांकडे पाठवले जात. शेतकरी चालू दराने मजुरी सरकारात भरी आणि कैद्याच्या हाती दिवसाला ऐंशी सेंट पडत. तेही रोख नव्हे, छावणीतल्या दुकानात चालणारी कुपने. त्यांच्या सदऱ्यावर आणि विजारीवर रंगाने ‘पी’ आणि ‘डब्ल्यू’ ही दोन ठसठशीत अक्षरे मारलेली असत. म्हणजे युद्धकैदी.

आता ही अक्षरे काय, कुणीही मारील. तसेच झाले. जुना कामकऱ्याचा सदरा घ्यायचा, दोन अक्षरे रंगवायची आणि दाम दसपट करायचा. पण जाणकारही आपल्या बाजारातल्या बैल पारखणाऱ्यासारखा असतो, दात बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. तो आधी फाटलेली जागा बघतो. रंग फाटलेल्या धाग्यांच्या टोकांवर आणि भोकाच्या आतल्या कडेला उतरला असेल, तर कापड आधी फाटले आणि अक्षरे मागून आली. खरा जुना रंग सुतात मुरलेला असतो, घडीवर तडकलेला असतो. शिवाय अतिनील प्रकाशाचा दिवा धरतात. युद्धानंतरच्या काही धाग्यांत उजळपणा आणणारे रसायन असते, ते त्या दिव्याखाली चमकते. मात्र खरा सदरा कुणी आजच्या साबणाच्या पुडीत धुतला असेल तर तोही चमकतो, म्हणून एकट्या दिव्यावर भरवसा ठेवत नाहीत.

मला सलते ते वेगळेच. बाजारात येतात ते कपडे कुणाचे? ज्यांना कपडे मिळाले त्यांचे. १९२९ च्या जिनिव्हा कराराने कैद्याला कपडे, पायताण देणे पकडणाऱ्या सरकारवर बंधनकारक केले होते. जपानने त्या करारावर सही केली, पण तो कायम केला नाही. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर जुंपलेल्या कैद्यांचे कपडे अंगावरच कुजले आणि पुष्कळजण शेवटी लंगोटीवर आले. तशी लंगोटी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या युद्धस्मारकात जपून ठेवली आहे.

त्याही आधीचे आपल्याकडचे बघा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुट येथे २९ एप्रिल १९१६ रोजी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले. वाटेत कुणाचे बूट हिसकावले गेले, कुणी भाकरीसाठी अंगरखा विकला. हजारो माणसे परत आली नाहीत. त्यांचे कपडे कुठल्या बाजारात मिळणार?

म्हणून, घरात कुणी पलटणीत होते आणि पेटीत त्यांचा एखादा कपडा असेल, तर बोहारणीपुढे टाकण्याआधी थांबा. तो धुऊ नका, खळ-इस्त्री करू नका. डाग, ठिगळ, आत शाईने घातलेला नंबर, हे सगळे जसेच्या तसे राहू द्या. सावलीत वाऱ्यावर धरा आणि जुन्या धुतलेल्या सुती धोतरात सैल गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत ओल कोंडते. पितळी गुंड्यांखाली कापडाचा तुकडा घाला. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर वाळवून वेगळ्या पुरचुंडीत. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कपडा कुणाचा, पलटण कोणती, कुठे गेले होते आणि कोणत्या साली परतले, एवढे एका कागदावर लिहून सोबत ठेवा. लिहायला शिसपेन्सिल घ्या. शाईने लिहिले तर ओल लागताच ती कापडात उतरते.